खिशात मावतं म्हणून घेऊ नका

गेल्या गणपतीत आरती झाल्यावर मी प्रसादाच्या टेबलापाशी उभी होते. मंडळातली एक मुलगी जवळ आली आणि इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, "मावशी, तुमच्याकडे पिस्तूल आहे ना? मला पण एक छोटंसं घ्यायचंय, पर्समध्ये मावेल असं. कुठलं घेऊ?" ती नर्स आहे. रात्रपाळी संपली की पहाटे तीन वाजता पार्किंगच्या चौथ्या मजल्यावर एकटी गाडीपर्यंत चालत जाते. एका हातात खिरापत, दुसऱ्या हातात कागदी प्लेटा, तिथं काय डोंबल सांगणार! म्हणून हे सविस्तर लिहितेय. तिच्यासारख्या अजून दोघीतिघी विचारून गेल्यात, त्यांच्याही कामी येईल.

ओळख करून द्यायची तर माहेर इचलकरंजी, सासर मिरज, आणि गेली एकोणीस वर्षं टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या पश्चिमेला गॅस स्टेशन आणि त्याला जोडून दुकान. रात्री अकराला बंद करतो. दिवसभराची रोकड घेऊन गाडीपर्यंत जाणं हे काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं, कारण ह्यांची पाठ धरते. मी काही नेमबाज नाही. उजव्या अंगठ्याच्या बुडाला संधिवात आहे, डोळ्यांना प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. पण म्हणूनच माझं ऐका, कारण तरण्याताठ्या पोरांच्या हाताला जे खुपत नाही ते मला खुपतं.

पहिला प्रश्न पिस्तुलाचा नाही, व्हिसाचा. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर, यांतल्या कुठल्याही तात्पुरत्या व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्यानं बंदूकच काय, नुसतं काडतूस जवळ बाळगणंही गुन्हा आहे. शिकारीचा परवाना काढला की चालतं असं सांगणारा एक तरी मित्र भेटतोच. तो अपवाद कायद्यात आहे खरा, पण आपलं ग्रीन कार्ड रांगेत असताना मित्राच्या भरवशावर हे करू नका, वकिलाला पैसे देऊन विचारा. नेमबाजीच्या रेंजवर भाड्यानं घेऊन चार बार काढणं हेसुद्धा 'बाळगणं' धरलं जातं. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर वाट मोकळी. दुकानात फॉर्म ४४७३ भरायचा, ते तिथल्या तिथं पार्श्वभूमी तपासतात. त्या फॉर्मवर 'हे शस्त्र मी स्वतःसाठी घेतोय का' असा प्रश्न असतो. ज्याला कायद्यानं घेता येत नाही त्याच्यासाठी आपल्या नावावर घेऊन द्यायचं, ही माया फार महागात पडते.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या माणसाला, बाकी काही आडकाठी नसेल तर, परवान्याशिवाय झाकून पिस्तूल बाळगता येतं. तरी परवाना काढाच. फी ४० डॉलर. वर्गात चारेक तास बसावं लागतं, आणि त्यात निम्म्याहून जास्त वेळ 'कुठं न्यायचं नाही' यावर जातो, तोच भाग खरा उपयोगाचा. शिवाय बऱ्याच राज्यांत आपला परवाना चालतो. न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात तो चालत नाही. न्यू जर्सीत एडिसनच्या नणंदेकडे जाताना पिस्तूल घरी तिजोरीत ठेवायचं.

आता त्या नर्स मुलीची गोष्ट. हॉस्पिटलच्या दारावर बंदीची पाटी असते, वर नोकरीचा नियम असतो, म्हणजे ते आत नेता येणार नाही. गाडीत कुलूपबंद ठेवायला टेक्सासमध्ये मालक सहसा अडवू शकत नाही. पण मग बघ ना बाई, ज्या चौथ्या मजल्यावरच्या चालण्याची तुला भीती वाटते, त्या चालण्यात पिस्तूल तुझ्याजवळ नसणार, ते गाडीत असणार. त्यासाठी सिक्युरिटीला फोन कर, ते सोबत येतात, फुकट येतात. संकोच करू नकोस. त्यानंतरही घ्यावंसं वाटलं, घरी परतताना पेट्रोल भरायला थांबतेस त्यासाठी किंवा तुझ्या इतर कारणासाठी, तर पुढचं वाच.

माझी चूक सांगते. २०१२ मध्ये मी एका दुकानात गेले. काउंटरमागच्या माणसानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काचेखालून सगळ्यात चिमुकलं पिस्तूल काढून पुढ्यात ठेवलं. "बायका हेच घेतात," म्हणाला. गुलाबी मुठीचंही होतं, ते मी नको म्हटलं, तेवढीच अक्कल. रुगर एलसीपी होतं ते. पावणेतीनशे ग्रॅमच्या आतबाहेर वजन, जाडी एक इंचाहून कमी, सहा गोळ्या मॅगझिनमध्ये (मुठीत सरकवायच्या पेटीत) आणि एक नळीत. हातात घेतलं आणि वाटलं, वा, हे तर चष्म्याच्या डबीएवढं! घेऊन आले. रेंजवर पहिला बार काढला आणि तळहातावर पट्टी मारल्यासारखं झणझणलं. तिसऱ्या मॅगझिनला मी ट्रिगर ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागले. गोळ्या कागदाच्या खाली, जमिनीत.

पिस्तूल मुळात वाईट नव्हतं. २००८ मध्ये ते आलं तेव्हा लोक त्याच्यावर तुटून पडले आणि अजूनही लाखोंच्या खिशात असेल. पण तोच दारूचा जोर हलक्या वस्तूतून सुटला की धक्का हाताला जास्त बसतो. मूठ एवढी आखूड की करंगळी हवेत लटकते. माशी, म्हणजे नेम धरायचा नळीवरचा उंचवटा, तर नावापुरती. म्हणजे छोटं पिस्तूल नवशिक्यासाठी सोपं नसतं, सगळ्यात अवघड असतं. ते मुरलेल्या हाताचं काम. दुकानदार नेमकं उलटं सांगतात.

आणि मी काय केलं? परवान्याच्या परीक्षेला मास्तरांचं मोठं नऊ एमएम पिस्तूल उसनं घेतलं. पन्नास गोळ्या असतात: वीस तीन यार्डांवरून, वीस सात यार्डांवरून, दहा पंधरा यार्डांवरून. २५० पैकी १७५ गुण लागतात. मला सव्वादोनशेच्या वर पडले. घरी पेढे वाटले. मग वर्षभर खिशात ते दुसरंच घेऊन फिरले, ज्याच्यावर माझा नेम पाच यार्डांवरही ताटाएवढ्या गोलात बसत नव्हता. परवाना एका पिस्तुलाचा आणि भरवसा दुसऱ्यावर! हे एका रात्री रोकड मोजताना लक्षात आलं आणि हसूही आलं नाही.

तर निवडायचं कसं? भाड्यानं पिस्तूल देणारी रेंज शोधा. एका दिवशी तीन किंवा चार घ्या, प्रत्येकातून पंचवीस-तीस गोळ्या, जास्त नाही. हात दमला की सगळीच वाईट वाटतात. मी घेतली होती ती चार सांगते, म्हणजे अंदाज येईल.

एक, स्मिथ अँड वेसनचं ६४२ रिव्हॉल्व्हर. पाच गोळ्या, चारशे ग्रॅमच्या थोडं वर, हॅमर (काडतूस उडवणारा हातोडा) आत झाकलेला, त्यामुळे खिशात अडकत नाही. इचलकरंजीला मामांकडे बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर होतं, निवडणूक आली की ते ठाण्यात जमा करून पावती घेऊन यायचे, त्यामुळे मला रिव्हॉल्व्हर घरचं वाटतं. ओढायला स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, नाही. एखादं काडतूस उडालं नाही तर पुन्हा ट्रिगर दाबायचा, पुढचं घर समोर येतं. एलसीपीत तसं होत नाही, काडतूस फुसकं निघालं तर दुसऱ्यांदा ट्रिगर दाबून काही उपयोग नाही, स्लाइड ओढूनच ते बाहेर काढावं लागतं. पण रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर लांब आणि जड. माझं बोट थरथरायचं आणि नळीचं तोंड डावीकडे जायचं. शिवाय त्याच्या .३८ काडतुसाचा धक्काही गोड नसतो.

दोन, सिग पी३६५. २०१८ मध्ये आलं आणि या बाजाराचं गणितच बदललं, एवढ्याशा अंगात नऊ एमएमच्या दहा गोळ्या. मारायला छान. पण अर्धा किलो वजन, भरल्यावर आणखी. कमरेला लावणाऱ्यांसाठी उत्तम. माझ्या खिशात ते लोंबायचं आणि पॅन्ट एका अंगाला उतरायची.

तीन, रुगरचंच एलसीपी मॅक्स, २०२१ चं. जुन्यापेक्षा किंचित जाड, दहा गोळ्या, आणि मुख्य म्हणजे दिसणारी माशी, अंधारात चमकणारी. ट्रिगरही हलका. आज कुणी मला 'खरोखर खिशातलंच हवं' म्हणालं तर मी आधी हे हातात देईन.

चार, ग्लॉक ४२. हे मी घेतलं. एलसीपीसारखंच तीनशेऐंशीचं (.३८०) काडतूस, सहा अधिक एक गोळ्या, पण एलसीपीपेक्षा शंभरेक ग्रॅम जास्त आणि मूठ दोन बोटं नीट बसतील एवढी. तेवढ्या शंभर ग्रॅममध्ये सगळा फरक पडला. धक्का झणझणत नाही, ढकलतो. स्प्रिंगही मऊ आहे. पन्नास गोळ्या मारून आले तरी संध्याकाळी पोळ्या लाटू शकते, हा माझा मापदंड.

काडतुसाचा गोंधळ अनेकींचा होतो म्हणून सांगते. .३८० एसीपी आणि नऊ एमएम यांचा व्यास सारखाच, लांबी दोन मिलिमीटरनी कमी-जास्त. डबेही सारखेच दिसतात. टेबलावर दोन्ही डबे एकदम उघडायचे नाहीत. नऊ एमएमचा जोर जास्त, किंमत कमी, .३८० उलट. .३८० म्हणजे कमकुवत असा वाद घालणारे पुष्कळ आहेत, घालू देत. भारतात तर नऊ एमएम ही सामान्य माणसासाठी प्रतिबंधित बोर आहे, परवानाधारक मंडळी बहुतेक बत्तीसवरच असतात. जे आपल्याला लागोपाठ तीनदा नेमक्या जागी मारता येतं ते आपलं काडतूस, असं मी ठरवून टाकलंय.

आता हाताची गोष्ट, कारण बायका इथंच हार मानतात. "मला स्लाइडच ओढता येत नाही." येते. बहुतेकजणी अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत मागचं टोक धरून खेचतात, मीठ घेतल्यासारखं. संधिवाताच्या अंगठ्याला त्यात ठसठस लागते. त्याऐवजी पिस्तूल छातीजवळ घ्या, कोपरं अंगाशी. डाव्या हाताची चारही बोटं स्लाइडवरून पलीकडे नेऊन तळव्याच्या बुडानं पकडा, अगदी मूठ वळल्यासारखी. आता डावा हात स्थिर ठेवा आणि उजव्या हातानं पिस्तूल पुढं ढकला. खोवणीवर नारळ दाबताना आपण मनगटानं नाही, खांद्यानं जोर देतो ना, तसंच. आणि स्लाइड मागे गेली की सोडून द्या, हातानं पोचवायला जाऊ नका, नाहीतर काडतूस अर्ध्यात अडकतं. हे करताना पिस्तूल आडवं होऊन नळीचं तोंड शेजारच्या माणसाकडे वळतं, हा सगळ्यांचा दोष आहे. स्वतःच आडवं वळून उभं राहा, तोंड रेंजच्या दिशेलाच राहू द्या. बोट ट्रिगरच्या बाहेर, स्लाइडच्या कडेला.

इतकं करूनही जमलं नाही तर बेरेटाचं टॉमकॅट बघा. कळ दाबली की त्याची नळी पुढून खिळलेली राहून मागून वर उघडते, काडतूस बोटानं आत ठेवायचं आणि मिटायचं. बत्तीसचं आहे. फक्त एक लक्षात ठेवा, त्यात काडतूस ओढून बाहेर काढणारा आकडा नाही, फुसकं निघालं तर नळी वर करून नखानं काढावं लागतं. जुन्या घडणीची काही देखणी पिस्तुलं, वॉल्थर पीपीके वगैरे, यांच्या भानगडीत मात्र दुखऱ्या हातानं पडू नये. त्यांत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकत नाहीत, सगळा जोर स्प्रिंगवर, त्यामुळे स्प्रिंग टणक असते.

खिशाचं काय? बायकांच्या पॅन्टला खिसे देणाऱ्यांनी बहुधा खिसा म्हणजे काय हे कधी पाहिलेलं नसावं. मी पुरुषांच्या विभागातून खाकी पॅन्ट घेते आणि घरच्या मशीनवर आतून जाड कॅनव्हासचं अस्तर लावते, दोन इंच खोल करते. ज्या खिशात पिस्तूल त्या खिशात दुसरं काहीही नाही, किल्ली नाही, सुटे पैसे नाहीत, विक्स इनहेलरही नाही. आणि होल्स्टरशिवाय, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाशिवाय, तर कधीच नाही. ट्रिगर पूर्ण झाकला पाहिजे, आणि पिस्तूल काढताना होल्स्टर खिशातच राहिलं पाहिजे. बाहेरून खरखरीत कापडाचं किंवा मागे आकडा असलेलं घ्या. हे घरी तपासायचं: पिस्तूल रिकामं करा, मॅगझिन काढा, नळीत डोळ्यांनी पाहा, बोटानं चाचपा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग आरशासमोर वीस वेळा काढा. माझं पहिलं होल्स्टर प्रत्येक वेळी पिस्तुलाला चिकटून बाहेर यायचं, टोपी घातल्यासारखं. दर रविवारी खिशातला कचरा झाडायचा. खिशात केवढी लोकर साठते ते पाहून मी थक्क झाले.

बसलेलं असताना खिशातून काढता येत नाही, गाडीत तर पट्टा आड येतो. खिशातल्या पिस्तुलाचा हा दोष कुठलंच मॉडेल दूर करत नाही. काहीजणी म्हणून पर्सकडे वळतात. मला पर्स नको वाटते. पर्स आपण बाकड्यावर ठेवतो, शॉपिंग कार्टमध्ये ठेवतो, मंगळागौरीला कॉटवर पर्सांच्या ढिगात टाकतो आणि पोरं त्या ढिगावर उड्या मारतात. पर्समध्येच न्यायचं असेल तर फक्त त्यासाठी वेगळा कप्पा असलेली घ्या, आणि ती खांद्यावरून उतरवायचीच नाही. घरी आल्यावर बोटांनी कळ दाबून उघडणारी छोटी लोखंडी पेटी, भिंतीला किंवा पलंगाला बांधलेली. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं शस्त्र ठेवणं हाही गुन्हा आहे. नातू आल्यापासून मी दिवसातून दोनदा ती पेटी ओढून बघते.

घेतल्यावर लगेच भरवसा ठेवू नका. दोनशे साध्या गोळ्या मारा, मग जी गोळी खिशात ठेवणार त्या जातीच्या निदान पन्नास. महाग पडतं, पण छोटी पिस्तुलं खाण्यापिण्यात नखरेल असतात, एखाद्या आकाराची गोळी गिळतच नाहीत. मनगट ढिलं सोडलं तरी अडकतात. नंतर महिन्यातून एकदा पन्नास गोळ्या, आणि घरी रिकाम्या पिस्तुलावर माशीवर डाइम (दहा सेंटचं नाणं) ठेवून ट्रिगर ओढायचा सराव. नाणं पडलं नाही पाहिजे. पहिला आठवडाभर माझं पडायचं, आणि टीव्ही बघत बसलेले हे म्हणायचे, "झाली का कमाई?"

शेवटचं, भारतात जाणाऱ्यांसाठी. मागच्या डिसेंबरात मुंबईच्या विमानाच्या आदल्या रात्री मी हँडबॅग रिकामी करत होते. अस्तर एका कोपऱ्यात उसवलेलं. त्यात काहीतरी टणक लागलं, वाटलं लिपस्टिक. बोट घालून काढलं तर .३८० चं एक काडतूस, चकचकीत. कधीतरी रेंजवरून येताना घरंगळलं असणार. आपल्याकडच्या विमानतळावर ते सापडलं असतं तर आर्म्स ॲक्टखाली गुन्हा, ठाणं, वकील, आणि भाचीचं लग्न तिकडेच राहिलं असतं. तेव्हापासून रेंजची पिशवी वेगळी आहे. हिरवी, हँडलला लाल चिंधी बांधलेली, गॅरेजच्या वरच्या फळीवर. तिच्यात जे जातं ते तिच्यातच राहतं, आणि ती घराच्या आत येत नाही.